आपली गोष्ट आपल्या तोंडून

१७ जुलै २०१९ रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या टेबलाभोवती जगभरातून आलेली पंचवीसेक माणसं उभी होती. धर्मामुळे छळ सोसलेल्या समाजांचे हे प्रतिनिधी. प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला जेमतेम अर्धा-एक मिनिट येत होतं. बांगलादेशातल्या निर्वासितांच्या छावणीतून आलेले मोहिबुल्ला यांची पाळी आली. आपण रोहिंग्या आहोत, आमच्यापैकी बहुतेकांना लवकरात लवकर घरी परतायचं आहे, आम्हाला मदत करण्याची तुमची योजना काय, एवढं त्यांनी विचारलं. ट्रम्प यांनी उलट विचारलं, हे नेमकं आहे कुठे? बाजूच्या अधिकाऱ्याने बर्माचं, म्हणजे म्यानमारचं, नाव घेतलं, ट्रम्प यांनी आभार मानले आणि ते पुढच्या माणसाकडे वळले. त्याच भेटीत इराकच्या यझिदी समाजातल्या नादिया मुराद यांनी आपली आई आणि सहा भाऊ मारले गेल्याचं सांगितलं. तेव्हा, ते आता कुठे आहेत, असा प्रश्न त्यांना ऐकावा लागला. आदल्याच वर्षी मुराद यांना शांततेचं नोबेल मिळालं होतं.

या प्रसंगाची जगभर चर्चा झाली ती ट्रम्प यांच्या प्रश्नांमुळे. मला मात्र मोहिबुल्ला यांच्या तीन वाक्यांकडे लक्ष वेधायचं आहे. मी कोण, आम्हाला काय हवं आणि त्यासाठी तुम्ही काय करणार, हे तिन्ही त्या अर्ध्या मिनिटात बसवलं होतं. रडणं नव्हतं, छळाचं वर्णन नव्हतं. समोरच्याला आपला देश नकाशावर दाखवता येणार नाही, हे गृहीत धरून बोलावं लागणाऱ्या माणसाची ती तयारी होती. अशी तयारी कशी होते, ती कोणी करून घ्यायची आणि ती करून घेताना काय जपायचं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

मोहिबुल्ला हे म्यानमारच्या रखाइन प्रांतातले शिक्षक. छावणीत लोक त्यांना मास्टर म्हणत. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या लष्कराने केलेल्या कारवाईतून सात लाखांहून अधिक रोहिंग्या काही महिन्यांत सीमा ओलांडून बांगलादेशातल्या कॉक्स बझार जिल्ह्यात आले. आधी आलेले धरून तिथल्या टेकड्यांवर सुमारे दहा लाख माणसं बांबू आणि ताडपत्रीच्या खोपटांत राहू लागली. मोहिबुल्ला आणि त्यांचे सहकारी भाषणं देत फिरले नाहीत. ते वह्या घेऊन खोपटा-खोपटात गेले. कोणत्या गावात कोण मारलं गेलं, कोणावर अत्याचार झाले, कोणाचं घर जळलं, याची त्यांनी नोंद केली. या यादीत दहा हजारांहून अधिक मृतांची नावं जमली. मार्च २०१९ मध्ये ते जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत बोलले, त्यामागे या वह्या होत्या. समाजाच्या वतीने बोलण्याचं कोणतंही प्रशिक्षण इथूनच सुरू व्हायला हवं, असं माझं मत आहे. आधी स्वतःच्या लोकांचं ऐकणं, ते नीट लिहून ठेवणं, आणि मग माइक.

छावणीतला पुढारी कोण, हा प्रश्न वरून दिसतो तितका सोपा नसतो. कॉक्स बझारमध्ये २०१७ च्या गोंधळात बांगलादेशी अधिकाऱ्यांनी दर शंभरेक कुटुंबांमागे एक ‘माझी’ नेमला. धान्यवाटप, यादी, निरोप, भांडण मिटवणं ही कामं त्याच्याकडे आली. माझी बहुतेक पुरुषच, आणि लोकांनी निवडलेले नव्हते. काही छावण्यांत पुढे निवडणुका झाल्या, स्त्रियाही निवडून आल्या. त्याशिवाय मौलवी, शिकवणारे, सुईणी आणि मोबाइल हाताशी असलेली विशीतली मुलं होतीच, ज्यांचा शब्द लोक मानत. एखादी संस्था ‘समाजनेत्यांसाठी प्रशिक्षण’ जाहीर करते तेव्हा इंग्रजी बोलणारे, आधीच ओळखीचे चार-पाच तरुण सगळ्या कार्यशाळांत दिसू लागतात. ज्यांच्याकडे खरी माहिती असते त्या बायका दाराआडच राहतात.

या पुढाऱ्यांचं निम्मं काम आतल्या बाजूचं असतं, आणि बाहेरच्यांना तेच कमी दिसतं. २०१७ च्या अखेरीस इंटरन्यूज या संस्थेने छावण्यांत पाहणी केली, तेव्हा तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी सांगितलं की निर्णय घेण्याइतकी माहिती आमच्याकडे नाही. मदतसंस्था स्थानिक चटगावी बोलणारे दुभाषे घेऊन काम करत होत्या, कारण चटगावी आणि रोहिंग्या जवळच्या भाषा. पण ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्सने तपासलं, तेव्हा ३६ टक्के निर्वासितांना साधं चटगावी वाक्यही कळत नसल्याचं आढळलं. आजार कुठे दाखवायचा, धान्य कधी मिळणार, मुलगी हरवली तर कोणाकडे जायचं, हे सगळं अशा अर्धवट कळलेल्या भाषेतून लोकांपर्यंत पोहोचत होतं.

माहितीची जागा रिकामी राहिली की तिथे अफवा घर करते. नोव्हेंबर २०१८ मध्ये काही कुटुंबांना म्यानमारला परत पाठवण्याची तारीख ठरली. आपलं नाव यादीत आहे की नाही, हेच लोकांना ठाऊक नव्हतं. कित्येकांनी खोपटं सोडून दुसऱ्या छावणीत लपणं पत्करलं. स्वेच्छेने परत जायला कोणीच तयार झालं नाही. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या ओळखपत्रांविरुद्ध छावणीत हरताळ झाला. कार्डावर रोहिंग्या हा शब्द नव्हता, आणि आपली माहिती म्यानमारला दिली जाईल अशी भीती होती. तिला वेडी भीती म्हणून झटकणारे होतेच. २०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने आरोप केला की निर्वासितांची माहिती त्यांच्या पुरेशा संमतीविना म्यानमार सरकारपर्यंत पोहोचली. निर्वासित संस्थेने तो नाकारला आणि संमती घेतल्याचं सांगितलं. वाद मिटलेला नाही. पण फॉर्मवर अंगठा घेण्याआधी तो फॉर्म कोणाकडे जाणार हे लोकांच्या भाषेत समजावून सांगणारा विश्वासाचा माणूस हवा, एवढं त्यातून नक्की दिसतं.

म्हणून चांगल्या प्रशिक्षणात अफवेचा माग काढणं हा मोठा भाग असतो. ऐकलेलं लगेच खोडायचं नाही. ते कोणी, कुठे, कोणत्या भीतीतून म्हटलं हे टिपायचं. खात्रीची माहिती मिळवायची आणि ज्या पाणवठ्यावर वा चहाच्या टपरीवर अफवा उठली तिथेच जाऊन ती सांगायची. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचं. बांगलादेशात १९७२ पासून चक्रीवादळाची पूर्वसूचना देणाऱ्या स्वयंसेवकांची मोठी फळी आहे. धोक्यानुसार एक, दोन, तीन झेंडे चढवायचे आणि भोंग्यावरून सांगत फिरायचं, ही तिची पद्धत. रोहिंग्या स्वयंसेवकही त्यात तयार झाले, आणि मे २०२३ मध्ये मोचा वादळ आलं तेव्हा छावण्यांत ही पद्धत कामी आली. तिथे वक्तृत्वाला काही किंमत नव्हती. भोंगा घेऊन आलेला माणूस ओळखीचा आहे, आजवर खोटं बोललेला नाही, एवढ्यावर लोक घर सोडायचं की नाही ते ठरवतात.

बाहेरच्या बाजूचं काम वेगळ्या कौशल्याचं. ऐकणारा दूरचा, घाईत असलेला आणि आकड्यांनी सुन्न झालेला असतो. जगात २०२४ च्या अखेरीस सक्तीने विस्थापित झालेल्यांची संख्या १२ कोटी ३२ लाख होती. हे वाचून कोणाच्या डोळ्यांपुढे काय उभं राहील? अमेरिकी संशोधक डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे दिले, काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं. हातात पाच डॉलर होते. आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाची हकीकत वाचणाऱ्यांनी २.३८. रोकियासोबत आकडेही दिले तेव्हा रक्कम १.४३ वर घसरली. एकाची गोष्ट सांगा, हा धडा मदतसंस्थांनी यातून घेतला आणि तो जगभरच्या कार्यशाळांत पोहोचला.

पण त्याची दुसरी बाजूही स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवली. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडलेल्या लहानग्या सीरियन मुलाच्या मृतदेहाचं छायाचित्र जगभर गेलं. स्वीडनच्या रेडक्रॉसकडे सीरियन निर्वासितांसाठी येणाऱ्या देणग्या कित्येक पटींनी वाढल्या आणि सहाएक आठवड्यांत मूळ पातळीवर आल्या. हृदय हेलावतं, पण ते फार काळ हेलावलेलं राहत नाही. त्या सहा आठवड्यांत नेमकं काय मागायचं हे ज्याला ठाऊक असतं, त्याच्याच पदरात काही पडतं. गोष्टीला मागणी जोडलेली नसेल, तर ती ऐकणाऱ्याला फक्त रडवून घरी पाठवते.

हा जोड शिकवणारी एक पद्धत हार्वर्डचे मार्शल गँझ यांच्या नावाने ओळखली जाते. गँझ १९६५ पासून सोळा वर्षं कॅलिफोर्नियात सीझर चावेझ यांच्यासोबत शेतमजुरांची संघटना बांधत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे वडील अमेरिकी लष्करात धर्मगुरू म्हणून जर्मनीत होते आणि विस्थापित ज्यूंसाठी काम करत. त्यामुळे आईबाप गमावलेली मुलं त्यांनी लहानपणीच पाहिली होती. त्यांच्या पद्धतीत वक्ता आधी ‘मी’ची गोष्ट सांगतो, मग ‘आपण’ची, मग ‘आत्ता’ची. ‘मी’मध्ये दुःखाची यादी नको असते. अडचण काय आली, मी काय ठरवलं आणि त्यातून काय झालं, हे हवं असतं. मधला शब्द महत्त्वाचा आहे: ठरवलं. निर्वासिताबद्दल जग बोलतं तेव्हा त्याच्याबाबतीत सगळं घडत असतं, तो काही करत नसतो. रात्री नदी कुठून ओलांडायची, म्हातारीला कोण पाठीवर घेणार, छावणीत पहिली शाळा कोणत्या झाडाखाली भरवायची, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. शिकणाऱ्याला आपल्या आयुष्यातले हे निर्णय सापडले की त्याच्या बोलण्याचा सूरच बदलतो.

मागणी जोडलेल्या गोष्टीचं सामर्थ्य कॉक्स बझारमधल्या कुतुपालोंग छावणीतल्या बायकांनी दाखवलं. शांती महिला या त्यांच्या गटातल्या बहुतेकींना लिहिता येत नाही. २०१८ मध्ये चारशे स्त्रिया आणि मुलांच्या अंगठ्यांच्या ठशांसह त्यांनी वकिलांमार्फत हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला निवेदन दिलं. आम्हाला जबरदस्तीने देशाबाहेर काढणं हा गुन्हा आहे, त्याची चौकशी तुम्ही करू शकता, ती करा, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षी १६ एप्रिलला रझिया सुलताना या रोहिंग्या वकील संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत बोलल्या. तिथे बोलणाऱ्या त्या पहिल्या रोहिंग्या. मे महिन्यात इस्लामी देशांच्या परिषदेसाठी ढाक्याला आलेले गांबियाचे न्यायमंत्री अबुबकर तंबादू कॉक्स बझारला गेले. रवांडाच्या नरसंहाराच्या खटल्यांत त्यांनी वकील म्हणून काम केलं होतं. छावणीत ऐकलेल्या हकिकतींत त्यांना रवांडाच दिसू लागलं. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी चिमुकल्या गांबियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारविरुद्ध नरसंहाराचा दावा दाखल केला. तीन दिवसांनी फौजदारी न्यायालयानेही चौकशीला मंजुरी दिली. गांबियाच्या दाव्याच्या डिसेंबरमधल्या सुनावणीत तेव्हाच्या नेत्या आँग सान सू ची म्यानमारची बाजू मांडायला उभ्या राहिल्या, तेव्हा छावणीतून आलेले रोहिंग्या त्याच दालनात बसले होते. २३ जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने रोहिंग्यांच्या संरक्षणाचा आदेश एकमताने दिला. गोष्ट योग्य कानावर पडणं म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

इतकं झाल्यावर, मग सगळ्यांनीच बोलावं, असं वाटू लागतं. इथेच थांबून विचार करायला हवा. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत स्टीव्ह मकरी यांनी एका अफगाण मुलीचं छायाचित्र घेतलं. जून १९८५ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आलेले ते हिरवे डोळे सगळ्या जगाने पाहिले. तिचं नाव जगाला २००२ मध्ये कळलं: शरबत गुला. सतरा वर्षं चेहरा जगाचा होता आणि बाई अनाम. छायाचित्र घेतलं तेव्हा आपल्याला राग आला होता, असं तिने नंतर सांगितलं. नादिया मुराद यांच्यावर २०१८ मध्ये निघालेल्या माहितीपटात, एका मुलाखतीतून दुसऱ्या मुलाखतीत तेच अत्याचार सांगत जाणारी तरुणी दिसते. बहुतेकांना तिने काय सोसलं ते ऐकायचं असतं. तिच्या समाजासाठी काय करता येईल हे विचारणारे थोडे. मुराद यांनी त्यातून काम उभं केलं. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांकडून माहिती कशी घ्यावी, याची आचारसंहिता एप्रिल २०२२ मध्ये त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. हे विचारणं गरजेचं आहे का, आधीच कोणी नोंदवलेलं नाही ना, माणसाला नाही म्हणायला खरोखर जागा आहे का, हे आधी तपासा, असं ही संहिता सांगते.

गोष्ट सांगायला शिकवण्याइतकंच ती न सांगायला शिकवणं महत्त्वाचं आहे. काही प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही, मुलाखत मध्येच थांबवता येते, कॅमेरा बंद करायला सांगता येतो, नाव बदलून मागता येतं, याचा सराव करून घ्यावा लागतो. पाहुण्या पत्रकाराला नाही म्हणणं हे धान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सोपं नसतं. हा मला मदत देणाऱ्यांपैकीच, असं त्याला वाटत असतं. संमतीचा कागदही तसाच. इंटरनेटवर गेलेलं छायाचित्र परत घेता येत नाही, म्यानमारमध्ये राहिलेल्या भावाला ते कोणीतरी दाखवील, मागच्या खोपटावरचा क्रमांक वाचून घर शोधता येतं, मोबाइलच्या छायाचित्रात ठिकाणाची नोंद असते, हे कळल्यावर दिलेली संमतीच खरी. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणं उत्तम. रात्रभर विचार करून लोक मत बदलतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

दुःखाच्या गोष्टीत शिरताना पायाखाली जमीन हवी, म्हणून वापरली जाणारी एक रीत मला फार आवडते. झिंबाब्वेच्या न्काझेलो न्कुबे आणि ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड डेनबरो यांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या, एड्समुळे पोरक्या झालेल्या मुलांसाठी ती घडवली, आणि पुढे निर्वासितांबरोबरही ती वापरली गेली. प्रत्येकाने आपल्या आयुष्याचं झाड काढायचं. मुळांत गाव, पूर्वज, लहानपणीची गाणी, खोडात अंगची कौशल्यं, फांद्यांवर इच्छा, पानांवर जवळची माणसं, मेलेलीसुद्धा. सगळ्यांची झाडं भिंतीवर शेजारी लावली की जंगल होतं. वादळाबद्दल बोलायचं ते त्यानंतर, आणि तेही जंगलाने वादळात काय केलं याबद्दल.

साधनांचं सांगायचं तर, कॅमेरा लोकांच्या हाती देण्याची परंपरा साठ वर्षांची होत आली. १९६७ मध्ये कॅनडाच्या फोगो बेटावरच्या कोळ्यांना सरकार दुसरीकडे हलवू पाहत होतं. चित्रपटकार कॉलिन लो यांनी त्यांचं म्हणणं छोट्या चित्रफितींत टिपलं, आधी त्यांनाच दाखवलं आणि मग मंत्र्यांना. बेटकऱ्यांनी सहकारी संस्था काढली आणि ते बेटावरच राहिले. आपल्या गोव्यात मुख्यालय असलेली व्हिडिओ व्हॉलंटिअर्स ही संस्था भारतभरच्या वस्त्या-पाड्यांतल्या वार्ताहरांना याच वाटेने तयार करते. केनियातल्या काकुमा छावणीत २००८ च्या अखेरीस निर्वासितांनी स्वतःचं वार्तापत्र काढलं, आणि त्यात ते मदतसंस्थांच्या कारभारालाही प्रश्न विचारू लागले. शिकवलेलं खरं ठरतं ते इथे. शिकवणाऱ्यालाच प्रश्न विचारण्याची मुभा नसेल, तर ते प्रशिक्षण प्रसिद्धी खात्याचं काम होतं. रोहिंग्या छावण्यांतल्या तरुणांनी मोबाइलवर आग, पूर, लग्नं, पतंग आणि शाळा टिपल्या, छायाचित्रांचं नियतकालिक काढलं. २०२३ मध्ये अब्दुल्ला हबीब, सहत झिया हिरो, सलीम खान आणि शाहिदा विन या चौघांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा आशिया-प्रशांत विभागासाठीचा नान्सेन पुरस्कार मिळाला.

बोलण्याची किंमतही मोजावी लागते. २५ ऑगस्ट २०१९ रोजी मोहिबुल्ला यांच्या सभेला सुमारे दोन लाख रोहिंग्या जमले. पुढच्याच महिन्यात छावण्यांतलं वेगवान इंटरनेट बंद झालं, ते वर्षभराने, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस सुरू झालं. महासाथीचे पहिले महिने लोकांनी त्याविना काढले. आणि २९ सप्टेंबर २०२१ च्या रात्री मोहिबुल्ला यांना छावणीतल्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून मारण्यात आलं. बांगलादेशी पोलिसांनी त्यासाठी रोहिंग्यांच्याच एका सशस्त्र गटाला जबाबदार धरलं. एकाच चेहऱ्याला पुढे करणारं, त्याला परदेशी व्यासपीठांवर नेणारं आणि रात्री त्याच खोपटात परत सोडणारं प्रशिक्षण मी अपुरं मानतो. बोलणारे अनेक हवेत, धमकी आली तर कुठे हलवायचं हे आधी ठरलेलं हवं, आणि तो खर्च कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात हवा.

हे सगळं दूरचं वाटेल, पण महाराष्ट्रालाही निर्वासित नवे नाहीत. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत हद्दपारीतून इराणमार्गे आलेली. त्यातली मुलं मोठी होऊन ब्रिटनमध्ये जमली, त्यांनी संघटना काढली आणि आपल्या भारतातल्या वर्षांचा जाडजूड इतिहास स्वतः लिहिला. वळिवड्याबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातलं पुष्कळसं त्यामुळे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथल्या निर्वासिताचं बोलणं अधिकच जपून असतं.

तुम्ही पत्रकार असाल, महाविद्यालयात कार्यक्रम ठरवत असाल किंवा एखाद्या संस्थेत काम करत असाल, तर निर्वासित पाहुण्याला बोलावताना काही गोष्टी कराच. त्यांना कशाबद्दल बोलायचं आहे ते आधी विचारा आणि विषय त्यावरून ठरवा. प्रश्न आदल्या दिवशी पाठवा. छायाचित्र घ्यायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. इतर वक्त्यांना देता तेवढं मानधन त्यांनाही द्या. आणि बोलणं संपल्यावर, तुमच्यावर काय गुदरलं हे विचारण्याऐवजी, आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं, हे विचारा, आणि जे सांगतील ते लिहून घ्या.